बोराच्या रंगाची भिंत

तुमसर रोड स्टेशनवर मी गाडीत चढले तेव्हा आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. दिवाळी आठ दिवसांवर आली होती, घराच्या भिंतींचं काम अर्ध्यावर होतं आणि माझ्या पुण्याच्या कंपनीला दिवाळीशी काही देणंघेणं नव्हतं. सोमवारी रुजू व्हा म्हणजे सोमवारी. सिहोऱ्याच्या आमच्या दारात काळी-पिवळी जीप येऊन हॉर्न वाजवायला लागली तशी आई भिंतीपुढून उठली, पदराला हात पुसल्यासारखं केलं आणि चपला सरकवून बाबांशेजारी जीपमध्ये बसली. स्टेशनवर रेल्वे हलायच्या आधी तिनं मला जवळ घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा महागाची पांढरी कुर्ती घेतली होती आणि तिच्या पाठीवर आईचा अख्खा पंजा उमटला. मला ते कळलं थेट नागपूर आल्यावर, समोरच्या बाईनं सांगितलं तेव्हा.

मी चिडले. चिडणं मला फार सोपं जातं, बाबांकडून आलेलं आहे. पोरगी पहिल्यांदा नोकरीला निघाली आणि हिला हात धुवायचं सुचत नाही, असं मनातल्या मनात मी वर्ध्यापर्यंत बोलत राहिले. बाबा रेल्वेच्या खिडकीपाशी उभं राहून एवढंच म्हणाले होते, "पोचली का फोन कर, मंजू. आन् उपाशी नोको झोपू." पुण्याला पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते कुर्ती भिजत टाकण्याचं. पहिल्याच धुण्यात पंजा निघून गेला. आज वाटतं, तेवढी घाई नसती केली तरी चाललं असतं.

तो रंग काय होता हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण इकडच्यांसाठी सांगते. आमच्या भागात मातीच्या भिंतीला वरून पांढरी माती आणि खाली जमिनीपासून हातभर उंचीचा गेरूचा पट्टा असतो. दिवाळीआधी बायका तो नव्यानं देतात. सगळ्यांचा पट्टा विटकरी. आमच्या आईचा मात्र गडद, झाडावरच पिकून सुरकुतलेल्या बोराचा असतो ना, तसा. गेरूत ती कपड्यांची नीळ टाकायची, तणस, म्हणजे धानाचं काड, जाळून त्याची काळी राख चाळून टाकायची, आणि शेवटी भाताची पेज. भात शिजवून वरचं घट्ट पाणी काढायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं आणि एका बादलीला एक गडवा, म्हणजे तांब्या, असं घालायचं. पेज घातली नाही तर वाळल्यावर रंग भुकटीसारखा हाताला लागतो, पाठ टेकली की कपड्यावर येतो. माझ्या कुर्तीवर उमटला तो बिनपेजेचा रंग होता. गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या, "काय टाकता वं, सुमनबाई?" आई सगळं सांगायची, तरी त्यांचा रंग तसा यायचा नाही. आईला याचा किती आनंद व्हायचा ते तिनं कधी कबूल केलं नाही.

पुण्यात मी बारा वर्षं पांढऱ्या भिंतींत काढली. आधी पीजी, मग तिघींत एक फ्लॅट, मग दोघींत एक. प्रत्येक घरमालकाची पहिली अट एकच, भिंतीला खिळा नको. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता जगायचं. मी लग्न केलं नाही. का नाही, याची चर्चा सिहोऱ्यात माझ्यापेक्षा जास्त चांगली होते, तेव्हा ती तिथल्यांवर सोपवते. दोन वर्षांपूर्वी मात्र मी स्वतःच्या नावावर एक लहानसा फ्लॅट घेतला. त्या दिवशी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "खिडकी कोण्या दिशेले हाये?" पूर्वेला, म्हटलं. "मंग बरं हाये." ती खिडकी बघायला ते आले नाहीत. त्याच उन्हाळ्यात ते गेले.

आई एकटी राहिली. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं, म्हैस विकली, तरी ती हलायला तयार नाही. शेवटी यंदा आषाढात गुडघ्याचं निमित्त काढून मी तिला घेऊन आले. डॉक्टरला दाखवू, दोन महिने राहा, मग बघू. माझ्या मनात "मग" वगैरे काही नव्हतं. तिनं इथंच राहावं, एवढंच होतं. पण ती पाहुणी म्हणून आली आणि पाहुणीसारखीच राहायला लागली. फ्रीज उघडू का, विचारायची. टीव्ही लावू का, विचारायची. सोफ्यावर बसली तर कडेला, कोणी उठवेल अशी. आंबागडच्या मावशीचा, आईच्या धाकट्या बहिणीचा, रोज फोन यायचा. तेव्हा आई म्हणायची, "पोरीच्या इथं आहो अजून. घरी येईन दिवाळीच्या आंगंमांगं." घर म्हणजे सिहोरा, आणि हे "पोरीच्या इथं". मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये माइक बंद करून ते ऐकायची. एकदा तिनं मला सांगितलं, दिवाळीचं तिकीट काढून ठेव, मागून मिळत नाही. मी काढलं. तिच्यादेखत काढलं, कारण नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

मग मला भिंतीची कल्पना सुचली. हॉलची एक मोठी भिंत, सोफ्यामागची, तिच्या रंगाची करायची. इथं तिचं काहीतरी असेल तर तिचा पाय इथं रुतेल, असा माझा हिशोब. शेड कार्ड घरी आणलं. पन्नासेक लाल रंग एकाखाली एक. आईनं चष्मा लावून एकेकावर बोट ठेवलं आणि निकाली काढलं. हा कुंकवाचा. हा मिरचीचा. हा तं पोस्टाच्या डब्याचा. शेवटच्या पानावर एका चौकोनापाशी तिचं बोट थांबलं. त्याखाली इंग्रजीत कुठल्याशा परदेशी बेरीचं नाव होतं. आई म्हणाली, "हा बोराचा हाये. थोडा कच्चा हाये, पण हाच." कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मी तसा ऐकला, विकत घेताना बाजारात असायचा तसा.

रंगारी आला तो मुन्नालाल नावाचा पन्नाशीचा माणूस. आईनं पाच मिनिटांत काढून घेतलं की तो बालाघाटकडचा, म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडचा. मग काय विचारता. दोघांची आपली अर्धी हिंदी, अर्धी मराठी सुरू. तिकडं धान कसं आहे, पाणी किती झालं, मोहफुलं यंदा कशी होती. तो तिला माताजी म्हणायचा, ती त्याला बाबू म्हणायची आणि दर तासाला चहा द्यायची. त्यानं भिंत घासली, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि एका संध्याकाळी पहिला हात देऊन गेला. गडद रंगाचा पहिला हात नेहमीच फसवा दिसतो, डागाडागांचा, गुलाबीसर. आई त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होती. मग तिनं तळवा भिंतीवर घासला आणि बघितला. रंग अजून ओला होता, हाताला लागला. तिनं तो पदराला पुसला. मी परत लॅपटॉपमध्ये मान घातली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. मुन्नालालनं दुसरा हात दिला, त्याच्या पुढच्या दिवशी तिसरा. भिंत अशी काही देखणी दिसायला लागली की मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. आईही खूष होती. ती सोफ्यावर मधोमध बसली, पाठ टेकून. मी मनात म्हटलं, जमलं.

आठवडाभरात हॉलमध्ये आंबूस वास यायला लागला. मला वाटलं, फ्रीजमागे काही सांडलं असेल. दोघींनी घर धुऊन काढलं, वास तसाच. मग भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली. त्या कुठं जात होत्या? कुठंच नाही, भिंतीवरच होत्या, भिंत खात होत्या म्हणा ना. बाहेर पुण्याचा भाद्रपद, आठ-आठ दिवस ऊन नाही. एका सकाळी पडदा सरकवला तर माझ्या बोराच्या रंगावर पांढऱ्या बुरशीचे रुपयाएवढे ठिपके होते, वरपासून खालपर्यंत.

मी मुन्नालालला बोलावून घेतलं आणि दारातच त्याच्यावर तोफ डागली. जुना रंग मारलास, भेसळ केलीस, डबा कुठून आणलास ते दाखव. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून माझी जीभ त्या कामात तयार झालेली आहे. तो बिचारा भिंतीला हात लावून वास घेत होता आणि म्हणत होता, "मैडम, कसम से, सीलबंद डिब्बा था." मी म्हटलं, कसम वगैरे राहू दे, दुकानदाराचा नंबर दे. तो खाली मान घालून फोनमध्ये नंबर शोधायला लागला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली, आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "त्याले काही नोको म्हणू, बाई. पेज म्या टाकली."

मला आधी कळेचना. तिनं सगळं सांगितलं. पहिल्या हाताचा रंग हाताला लागला तेव्हा तिला वाटलं, यात पेज नाही. एवढा महागाचा रंग आणि पाठ टेकली की उतरणार, पोरीचे ऑफिसचे कपडे खराब होणार. दुसऱ्या दिवशी मी गेल्यावर तिनं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात टाकला, पेज काढली, गाळली, निववली आणि मुन्नालाल यायच्या आधी बादलीचं झाकण उघडून दोन गडवे घातली. वर तेवढा भात वाया जाऊ नये म्हणून दोन दिवस आम्ही फोडणीचा भात खाल्ला होता. तो मी आवडीनं खाल्ला होता.

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही. नदीपलीकडच्या त्या माणसापुढे मी खोटी पडले होते आणि खोटं पडलं की मला जास्त राग येतो. मी म्हणाले, "हे सिहोरा नाही, आई. माझ्या घरात मला न विचारता असलं काही करत जाऊ नको."

मुन्नालाल हळूच म्हणाला, "हमारे यहाँ भी डालते हैं, माताजी. मिट्टी में." म्हणजे चूक एवढीच होती, की माती श्वास घेते आणि डब्यातला रंग घेत नाही. पण माझं वाक्य बाहेर पडून गेलं होतं. आई "हो" म्हणाली आणि आत गेली. दुपारी तिनं जेवायला वाढलं. संध्याकाळी मला विचारलं, गॅस पेटवू का? तिचं ते विचारणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

दोन दिवस असे गेले. आमच्या घरात चुकलं म्हणायची पद्धत नाही. बाबा कोणावर ओरडले तर संध्याकाळी तुमसरहून जिलबी आणायचे, आणि ज्यानं पहिला तुकडा उचलला त्यानं माफ केलं असं धरायचे. मीही जिलबी आणली. आईनं तिचा तुकडा उचलला, पण पाहुणी उचलते तसा, "कायले आणली एवढी" म्हणत. जिलबीनं भागणारं हे नव्हतं.

रविवारी सकाळी उठले तर खर्र खर्र आवाज. आई स्टुलावर बसून मुन्नालालची विसरलेली पत्री घेऊन भिंत खरवडत होती. गुडघ्याला पट्टा, डोक्याला फडकं. मी म्हटलं, अगं तो येणार आहे उद्या, त्याचं काम आहे. ती म्हणाली, "नासवलं म्या, काढीन म्या. त्याले उगाच बोलणी बसली." मी एक पॉलिश पेपर घेतला आणि तिच्या शेजारी खाली बसले. लाल भुगा आमच्या दोघींच्या केसांवर पडत होता.

अर्धी भिंत झाली असेल. आई भिंतीकडे बघतच बोलायला लागली. "म्या लग्न होऊन आलो तं दोन वर्सं तुह्या आजीनं मले भिंतीले हात लावू नाही देल्ला. तिसऱ्या दिवाळीले म्हणाली, घे, कर. मले वाटलं जास्त पेज टाकीन तं जास्त टिकन. मुंग्याच मुंग्या झाल्या बाई, अशाच. आठ दिवस बोलली ते मले. चुलीपाशी बोले, विहिरीवर बोले. म्या कोपऱ्यात बसून रडत राहो."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. पाहुणीले कोणी आठ दिवस बोलते का?" ती पत्री थांबवून माझ्याकडे वळली. "तू ओरडली, त्याचं मले काही नाही वाटलं. उलट बरं वाटलं, का इथं बी कोणी माह्यावर ओरडाले हाये. तुह्या बाबाच्या मागं कोणी ओरडलंच नोहोतं. पण 'माझ्या घरात' म्हणाली, ते लागलं."

मला रडू फुटलं. त्या लाल भुग्यात बसून मी सदतीस वर्षांची बाई मोठ्यानं रडले आणि आमच्या घरात कोणी म्हणत नाही ते म्हणाले. चुकलं माझं, आई. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, म्हणजे आणखी लाल केलं, आणि म्हणाली, "तो खालचा कोपरा राह्यला, तो पुस."

मुन्नालालनं पुढच्या आठवड्यात औषध मारलं, पुन्हा पुट्टी, पुन्हा प्रायमर. ह्या वेळी आई त्याच्या मागं उभी होती. कार्डावरचा रंग तिला कच्चा वाटत होताच. तिनं त्याला काळ्याचे आणि निळ्याचे थेंब टाकायला लावले, एकेक थेंब, ढवळ, कागदावर लाव, वाळू दे, दाखव. तो कुरकुरला नाही. बोट बुडवून तिनं तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा नुसती मान हलवली. त्यानं रोलर उचलताना तिला विचारलं, "पेज?" ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

भिंत झाली. फोटोत तो रंग येत नाही, तेव्हा मागू नका. पण तिकडं सिहोऱ्याचा पट्टा यंदा नव्यानं दिला गेलेला नाही, हेही मला माहीत आहे. शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला होता, कुलूप घातलेलं दार आणि पावसानं खालून धुतला गेलेला फिकट गेरू. आईनं तो मोठा करून करून पाहिला आणि फोन मला परत दिला. एका बाईला एका दिवाळीत एकाच ठिकाणची भिंत सारवता येते, आणि ती इथं सारवली म्हणून तिथली राहिली. सिहोऱ्यात राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला आमचं ओस घर दिसत असेल तेव्हा तुम्ही काय म्हणत असाल याचा मला अंदाज आहे. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला सांगायला नको की इथं सजवलेल्या प्रत्येक भिंतीच्या मागं अशी एक राहून गेलेली भिंत असते. तिचं दुःख मला होतं. ते जाणार नाही, आणि जावं असंही वाटत नाही.

दिवाळीचं तिकीट माझ्या फोनमध्ये तसंच होतं. ते रद्द करू का, हे मी आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती "तू म्हणशील तसं" म्हणाली असती, आणि ते उत्तर मला नको होतं. मी रोज त्या तिकिटाकडे बघायची आणि फोन पालथा ठेवायची. जायला सहा दिवस उरले होते तेव्हा मावशीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. आई हॉलमध्ये बोलत होती, आमच्याकडची माणसं फोनवर बोलतात तशी, म्हणजे फोन नसता तरी आंबागडपर्यंत आवाज गेला असता.

"नाही वं, येत नाही मी," आई म्हणाली. "काहून म्हणजे? दिवाळीले घर सोडून कोणी जाते का?" मी सुरी खाली ठेवली. तिकडून मावशी काहीतरी लांबलचक बोलली. आईनं ते पूर्ण ऐकून घेतलं. "मंग तूच ये ना इकडं. नवऱ्याले बी आण, दोन्ही पोराइले बी आण. जागा हाये वं, बहुत हाये. आपण हॉलमधी झोपू, मंजू तिच्या खोलीत झोपन. पंधरा दिवस राहा चांगले. तिले काय विचारायचं हाये? ये मी म्हणतो तं."

आमच्या एका बेडरूमच्या घरात चार पाहुणे पंधरा दिवसांसाठी येणार हे असं ठरलं. मला एका शब्दानं विचारलं नाही.